चार आण्यांची रायफल, बारा आण्यांचा मसाला

"नमस्कार. मी मूळचा चिपळूणचा. चार वर्षं झाली, ह्यूस्टनजवळच्या कॅटीत राहतो, एच-वन-बीवर आहे. ऑफिसातल्या मित्राच्या सासऱ्यांची लॅनोजवळ मोठी जमीन आहे. तिथं हरणं येतात आणि रानडुकरांनी तर उच्छाद मांडलाय. यंदा नोव्हेंबरात त्यांनी मला बोलावलंय, पण 'स्वतःची रायफल घेऊन ये' म्हणाले. माझं बजेट ५०० डॉलर. मित्र म्हणतो, सिंगल शॉट घे, स्वस्तात पडेल, आणि घ्यायचीच तर ४५-७० घे, डुक्कर जागेवर बसेल. दुकानदार म्हणतो, .२४३ घ्या. यूट्यूबवर प्रत्येक जण तिसरंच सांगतो. बायकोची अट अशी की मटण घरात चालेल, बंदूक नजरेस पडता कामा नये. मुलगी सहा वर्षांची आहे. आजवर फक्त एनसीसीत .२२ चालवली आहे. काय घेऊ?"
— एक नवशिका, कॅटी

प्रिय नवशिके,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओघात लिहून मोकळे झालात: 'एच-वन-बीवर आहे.' ४५-७० की .२४३, म्हणजे कुठल्या मापाचं काडतूस, हा वाद त्यापुढे किरकोळ आहे, म्हणून आधी तेच घेतो.

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या वास्तव्याच्या, व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मुळातच बंदी आहे. एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, विद्यार्थ्यांचा एफ-वन, सगळे त्यात आले. बंदीला थोडे अपवाद आहेत आणि त्यातला आपल्या कामाचा एकच: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना तुमच्याजवळ असेल, तर तुम्हाला बंदूक विकत घेता येते आणि बाळगता येते. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. त्यात हा प्रश्न सरळ विचारलेला असतो. म्हणजे क्रम असा: आधी परवाना, मग दुकान. ग्रीन कार्डवाल्यांना ही भानगड नाही, त्यामुळे तुमच्या आधी आलेले मराठी लोक 'मला तर कुणी काही विचारलं नाही' असं सांगतील. ते खोटं बोलत नाहीत, त्यांचा कागद वेगळा आहे.

खरी मेख पुढं आहे. टेक्सासनं २०१९ पासून खासगी जमिनीवर, मालकाच्या संमतीनं रानडुक्कर मारायला शिकार परवान्याची अट काढून टाकली. तेव्हा मित्र तुम्हाला छातीठोकपणे सांगेल की डुकराला लायसन लागत नाही. त्याला नाही लागत. तुम्हाला लागतं, आणि ते डुकरासाठी नव्हे, बंदूक हातात धरण्यासाठी. त्याची रायफल घटकाभर उसनी घेतलीत तरीही. शिवाय टेक्सासचा परवाना तुम्ही कधीही काढा, तो ३१ ऑगस्टला संपतो. १ सप्टेंबरला रायफल कपाटात आहे आणि नवा परवाना काढलेला नाही, अशी वेळ येऊ देऊ नका. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ते परवडायचं नाही. नव्या वर्षाचे परवाने ऑगस्टच्या मध्यावर विक्रीला येतात, तेव्हाच काढून टाकायचे. आणि मी वकील नाही. तुमचं व्हिसाचं काम जो वकील बघतो त्याला एक मेल टाका, उत्तर लेखी घ्या आणि जपून ठेवा.

परवाना महाग नाही. टेक्सासात सलग सहा महिने राहिलेल्याला साधा शिकार परवाना २५ डॉलरला मिळतो, मारलेल्या हरणाला लावायचे टॅग त्यातच येतात. पण २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. एनसीसीचं प्रमाणपत्र इथं चालत नाही. सतरा वर्षं आणि त्यावरच्यांना तो पूर्ण ऑनलाइन करता येतो आणि आपली आयटीतली मंडळी तो एका रात्रीत उरकतात. तुम्ही मात्र प्रत्यक्ष वर्ग भरतो तिथं जा. कुंपण ओलांडताना बंदूक कुणी धरायची, ती कशी उघडून द्यायची, हे हातानं करून बघितल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

आता मित्राचा सल्ला. 'सिंगल शॉट घे, स्वस्तात पडेल.' सिंगल शॉट म्हणजे एका वेळी एकच काडतूस घेणारी रायफल. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हे वाक्य खरं होतं. तेव्हा एच अँड आर कंपनीची हँडी-रायफल दोन-अडीचशे डॉलरला मिळायची आणि टेक्सासातल्या कितीतरी पोरांची पहिली बंदूक तीच असायची. तिचं उत्पादन २०१५ मध्ये बंद झालं. आज नवी सिंगल शॉट घ्यायला गेलात तर सीव्हीएची स्काउट ४०० डॉलरच्या आसपास, ट्रॅडिशन्सची आउटफिटर त्याच पंगतीत, आणि हेन्रीची अक्रोडाच्या दस्त्याची देखणी रायफल ५०० च्या वर. त्याच काउंटरवर सॅव्हेजची ॲक्सिस किंवा मॉसबर्गची पॅट्रियट उभी असते. ती बोल्टची, म्हणजे दांडा मागंपुढं ओढून पुढचं काडतूस नळीत घ्यायची, मॅगझिनमध्ये तीन-चार काडतुसं घेणारी, बऱ्याचदा वर दुर्बीण बसवूनच विकायला ठेवलेली, आणि किंमत तेवढीच किंवा कमी. तेव्हा केवळ पैसे वाचतील म्हणून सिंगल शॉट घेणार असाल तर घेऊ नका. पैसे वाचत नाहीत.

मग घ्यायची कशासाठी? तुमच्यासारख्या माणसासाठी माझ्या मते दोन कारणं भक्कम आहेत. पहिलं, ती उघडली की उघडली. नळी खाली झुकते, मागून आरपार उजेड दिसतो, आत काडतूस आहे की नाही हे शेजारी बसलेल्यालाही दहा फुटांवरून कळतं. बोल्टच्या रायफलीत 'मॅगझिन काढलं म्हणजे रिकामी झाली' असं समजून नळीत एक विसरणारे नवशिके असतात. इथं विसरायला जागाच फार कमी. मित्राच्या सासऱ्यांबरोबर पिकअपमध्ये चढताना, ब्लाइंडच्या, म्हणजे शिकारीला दडून बसायच्या खोलीच्या, शिडीवर चढताना तुमची बंदूक मोडून, म्हणजे नळी खाली झुकवून उघडून, कोपरावर घेतलेली असेल, तर म्हाताऱ्याला तुमच्याबद्दल विश्वास वाटायला दुसरं काही सांगावं लागणार नाही. दुसरं, तिला बोल्टची लांबलचक पेटी नसते. त्यामुळे तेवढ्याच लांबीची नळी असूनही अख्खी बंदूक चार-पाच इंच आखूड भरते. ब्लाइंड म्हणजे पत्र्याची नाहीतर प्लायवुडची खोली, त्यात दोन माणसं आणि दोन खुर्च्या. तिथं हे चार-पाच इंच फार मोलाचे.

'एकच गोळी असली की माणूस नीट नेम धरतो' हा युक्तिवादही तुम्ही ऐकाल. त्यात तथ्य आहे, पण लोक त्याचं अध्यात्म करतात. नेम सरावानं सुधारतो. एकबारी बंदूक हातात आल्यानं कुणी अर्जुन होत नाही.

हरणासाठी एक बार पुरतो. लॅनो स्वतःला टेक्सासची हरणांची राजधानी म्हणवतं. तिथला व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरीण, संख्येनं भरपूर आणि अंगानं लहानखुरा. खासगी जमिनीवर मक्याचा फीडर, म्हणजे जनावरांसाठी मका सांडणारा डबा, लावायला टेक्सासात परवानगी आहे, त्यामुळे बहुतेक ब्लाइंडमधून अंतर ठरलेलं असतं, शंभर यार्डांच्या आगेमागे. हरीण येतं, मका खातं, आडवं उभं राहतं. तुमच्याकडे वेळच वेळ असतो. डुकरांचं तसं नाही. ती टोळीनं येतात, एक बार झाला की बाकीची सैरावैरा पळतात, आणि ज्या जमीनमालकाचं शेत उकरलं गेलंय त्याची इच्छा असते की तुम्ही एकावर थांबू नये. सिंगल शॉटवाला एकावरच थांबतो, क्वचित दुसरं. म्हणून सासऱ्यांना आधीच विचारा: मला हरणासाठी बोलावलंय की डुकरं कमी करायला? हरणासाठी बोलावलं असेल आणि डुक्कर आलं तर बोनस, तर सिंगल शॉट बिनधास्त घ्या. डुकरं कमी करायलाच बोलावलं असेल तर सरळ ॲक्सिस घ्या आणि माझा इथून पुढचा निम्मा मजकूर सोडून द्या.

कॅलिबरच्या बाबतीत दुकानदार बरोबर आहे आणि मित्र चूक. हे क्वचित घडतं, म्हणून मुद्दाम लिहून ठेवतो.

४५-७० हे काडतूस १८७३ साली अमेरिकन लष्करासाठी, बंदुकीच्या काळ्या दारूच्या जमान्यात तयार झालं. जाड, जड, संथ गोळी. जवळून ती डुकराचं काय करते ते खरंच बघण्यासारखं असतं. पण सिंगल शॉट रायफली हलक्या असतात. सीव्हीए स्काउट सहा पौंडांच्या आसपास भरते, आणि एवढ्या हलक्या बंदुकीतून ४५-७० उडवली की ती खांद्याला जी लाथ मारते त्यानं नवा माणूस तिसऱ्या-चौथ्या बारापासून डोळे मिटायला लागतो. चाप ओढायच्या आधीच अंग आकसतं, नळी खाली जाते आणि गोळी हरणाच्या पोटात. एकदा ही खोड लागली की ती सोडवायला पुन्हा .२२ वर यावं लागतं. शिवाय शंभर यार्डांवर नेम बसवलेली ४५-७० ची गोळी दोनशेवर जाईपर्यंत फूटभर खाली येते, .२४३ ची तीनेक इंच. अंतराचा अंदाज अजून पक्का नसलेल्या माणसाला यातलं काय हवं, हे सांगायला नको.

.२४३ विंचेस्टर १९५५ साली आलं. मूळ .३०८ चं काडतूस, त्याची मान आवळून त्यात बारीक गोळी बसवलेली. सारख्या वजनाच्या बंदुकीत .३०८ चा धक्का .२४३ च्या जवळजवळ पावणेदोन पट बसतो. हिल कंट्रीतल्या, म्हणजे लॅनोच्या डोंगराळ भागातल्या, हरणाला .२४३ पुरून उरतं. डुकराला पुरतं का, यावर इथल्या चहाच्या, म्हणजे कॉफीच्या टपऱ्यांवर तासन्‌तास वाद चालतात. माझं उत्तर: गोळी नीट निवडली आणि नीट जागी घातली तर पुरतं. ९५ ते १०० ग्रेनची, हरणासाठी बनवलेली मजबूत गोळी घ्या किंवा ८० ते ८५ ग्रेनची संपूर्ण तांब्याची. कोयोटीसाठी, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या जनावरासाठी, विकतात त्या हलक्या, पटकन फुटणाऱ्या गोळ्या घेऊ नका. त्या कातडीखालीच फुटून जातात. पेटीवर कुठल्या जनावराचं चित्र आहे ते बघून घ्या, हा निकष वाटतो तितका बाळबोध नाही.

तुमचा खांदा दणकट असेल आणि पुढं कोलोरॅडोत एल्क हे थोराड हरीण वगैरे मनात असेल तर .३०८ घ्यायला माझी हरकत नाही, पण मग वजनदार हेन्री बघा, हलकी स्काउट नको. .३५० लेजंडचंही नाव तुमच्या कानावर आलं असेल. ते २०१९ मध्ये विंचेस्टरनं आणलं, ते मुख्यतः ओहायो, मिशिगनसारख्या ठिकाणांसाठी, जिथं हरणाला रायफलीत सरळ भिंतीचं, म्हणजे मान न आवळलेलं, काडतूसच वापरायचा नियम तेव्हा होता. टेक्सासात तसा नियम नाही. इथं फक्त रिमफायर, म्हणजे तुमची एनसीसीची .२२, हरणाला चालत नाही. तरी .३५० चा धक्का सौम्य आहे आणि दीडशे यार्डांपर्यंत ते हरीण-डुक्कर दोन्हीला चांगलं काम देतं, तेव्हा दुकानात .२४३ नसेल आणि हे असेल तर हिरमुसून परत येऊ नका. जुनं ३०-३० सुद्धा वाईट नाही. लिव्हरच्या रायफलीत नळीसारख्या मॅगझिनमुळे काडतुसं एकामागे एक लागतात, म्हणून तिथं चपट्या नाकाची गोळी लागते, नाहीतर टोक पुढच्याच्या टोपीवर, म्हणजे ठोका बसला की बार उडतो त्या जागी, टेकतं. सिंगल शॉटमध्ये ती अडचणच नाही, टोकदार गोळीही चालते, आणि म्हाताऱ्या ३०-३० ला थोडी लांबची नजर येते.

आता दुकानात काय बघायचं. काउंटरवरच्या माणसाला आधी विचारा, मग हातात घ्या, उघडा, नळी रिकामी आहे ना बघा. हे त्याच्यासमोर केलंत की तो तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलायला लागतो. मग डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा आणि डोळे उघडा. दुर्बिणीतून पूर्ण गोल दिसला तर दस्त्याची लांबी तुमच्या बेताची आहे. काळी चंद्रकोर दिसली किंवा मान ताणावी लागली तर कॉम्पॅक्ट मागा. आपल्यातल्या बऱ्याच जणांना तीच बरी पडते, त्यात कमीपणा नाही.

यानंतरची गोष्ट बहुतेक विक्रेते सांगत नाहीत. बाहेर घोडा असलेल्या रायफलीवर दुर्बीण बसवली की घोडा तिच्या बुडाखाली दडतो. अंगठा तिथपर्यंत पोचतच नाही, आणि नोव्हेंबरच्या पहाटे हातमोजे घालून तर नाहीच. त्यासाठी घोड्याला बाजूनं स्क्रूनं बसणारा एक छोटा दांडा मिळतो, हॅमर स्पर म्हणतात. बऱ्याच रायफलींबरोबर तो डब्यातच असतो, नसेल तर थोड्या डॉलरांत येतो. तो लावून, रिकाम्या बंदुकीवर, घोडा चढवायचा आणि बार न काढता हळूच खाली आणायचा सराव करा. कारण हरीण आलं, घोडा चढवला, हरीण वळून निघून गेलं, असं वारंवार होतं, आणि चढलेला घोडा भरलेल्या बंदुकीवर थंडीनं बधिर अंगठ्यानं उतरवणं ही या प्रकारच्या रायफलीतली सगळ्यात नाजूक घडी आहे. नळीचं तोंड ब्लाइंडच्या खिडकीतून बाहेर, जमिनीकडे. आणि शंका असेल तर घोड्याशी खेळण्याआधी बंदूक मोडून काडतूसच बाहेर घ्यायचं. ब्लाइंडला जाताना-येताना घोडा कधीही चढवलेला नको.

जुनी हँडी-रायफल गहाणवटीच्या दुकानात (पॉन शॉप) दिसली आणि मोह झाला, तर बंद करून नळी आणि सांगाडा दोन हातांत धरून हलवा. खटखट वाजली, डुलली, तर ठेवून द्या. या रायफलींच्या नळ्या कारखान्यात त्या-त्या सांगाड्याला घासून बसवलेल्या असत. कुणी 'याला दुसरी नळीही बसते' म्हणून शॉटगनच्या सांगाड्यावर रायफलची नळी चढवून विकत असेल तर तिथून निघा. दोन्हींचे सांगाडे वेगळ्या ताकदीचे होते. आणि सुटे भाग आता शोधत बसावे लागतात. नवशिक्यानं नवीच घ्यावी हे माझं मत.

मग ५०० डॉलरचं काय? आपल्याकडे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला झाला की नाक मुरडतात, पण इथं नेमकं तेच करायचंय. रायफल सगळ्यात स्वस्त घ्या आणि मसाल्यावर हात सैल सोडा. दुर्बीण दीडशे-दोनशेच्या खाली नको. व्होर्टेक्सची क्रॉसफायर किंवा त्या तोडीची, ३ ते ९ पटींची. डोळ्यापासून साडेतीन इंच तरी अंतर मिळायला हवं, नाहीतर हलकी बंदूक मागं आली की भुवईवर चंद्रकोर उमटते आणि सोमवारी ऑफिसात सगळ्यांना खुलासे द्यावे लागतात. कानाला आतून बोळे आणि वरून मफ, दोन्ही. डोळ्यांना चष्मा. आणि काडतुसं. वीसची पेटी तीस-चाळीस डॉलरला पडते आणि हंगामाआधी अशा चार पेट्या रेंजवर संपलेल्या असाव्यात असं माझं म्हणणं आहे. सगळं धरून आठशेच्या खाली बसणार नाही. पाचशेच असतील तर दुर्बिणीसकट मिळणारी बोल्टची रायफल घ्या, किंवा यंदा सासऱ्यांकडे एक रायफल उसनी मागा (परवाना खिशात ठेवून) आणि रेंजवर पैसे खर्च करा. मला विचाराल तर हा दुसरा पर्याय जास्त शहाणपणाचा.

रेंजवर पहिल्या दिवशी शंभर यार्डांवर कागद लावून गोळ्या वाया घालवू नका. पंचवीसवर सुरू करा, मध्यावर आणा, मग शंभरवर जा. मोडणाऱ्या रायफलींची एक खोड लक्षात ठेवा: पुढचा लाकडी हात नळीलाच जोडलेला असतो, त्यामुळे बंदूक पिशवीवर कुठं टेकली आहे त्यानुसार गोळ्यांची जागा सरकते. नळी कधीच टेकवायची नाही. लाकडी हाताचा एकच ठरावीक भाग, दर वेळी तिथंच. ब्लाइंडमध्येही तिथंच. लोक याला रायफल 'लहरी' आहे म्हणतात. ती लहरी नसते, आपण दर वेळी वेगळी टेकवत असतो. एकदा टेबलावर जमलं की खुर्चीत बसून मारा, कारण ब्लाइंडमध्ये टेबल नसतं. आणि बार झाल्यावर कागदाकडे डोळे ठेवून, हाताकडे न बघता बंदूक मोडणं, रिकामं काढणं, दुसरं घालणं, बंद करणं हेही सरावाचंच. दुसरं काडतूस खिशात खोल नको, दस्त्यावर चढवायच्या कापडी पट्ट्यात ठेवा.

गोळी कुठं घालायची, यात हरीण आणि डुक्कर वेगळे. हरीण आडवं असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेनं वर यायचं, खालून अंगाच्या उंचीच्या एक तृतीयांशाजवळ थांबायचं, थोडं मागं. तिथं फुप्फुसं मोठी असतात, दोन इंच इकडे-तिकडे चालतं. हाच हिशोब डुकराला लावला की गोळी मागं जाते. डुकराचं काळीज आणि फुप्फुसं बरीच खाली आणि पुढं असतात, जवळजवळ पुढच्या दोन पायांच्या मध्ये, आणि पाठीवरचे ताठ केस धरून उंचीचा अंदाज घेतला तर माणूस हमखास वर मारतो. थोराड नराच्या खांद्यावर कूर्चेसारखा जाड थर असतो, त्याला इथं ढाल म्हणतात. त्यामुळे .२४३ नं डुकरावर खांद्याच्या मधोमध नको. पाय पुढं टाकलेला असताना त्याच्या मागच्या घडीत, खालच्या तिसऱ्या भागात. कानामागं मारायचा सल्लाही मिळेल. तो जवळच्या अंतरावर, स्थिर उभ्या डुकरासाठी, आणि तुमच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी राखून ठेवा.

बार झाल्यावर जनावर तिथंच पडलं नाही तर लगेच पळू नका. कुठं उभं होतं, कुठल्या झुडपाकडे गेलं ते मनात पक्कं करा, दुसरं काडतूस भरा, अर्धा तास बसून राहा. मग उभं होतं त्या जागी जा. गवतावर फेसाळ, गुलाबीसर रक्त दिसलं तर फुप्फुस, जनावर फार लांब गेलेलं नाही. गडद तांबडं असेल तर यकृत, आणखी थांबा. हिरवट पाणी, अर्धवट पचलेला मका आणि वास आला तर पोटात लागलंय. काही तास तिकडे जायचं नाही, सासऱ्यांना बोलवायचं. घाईनं मागं लागलात तर ते जनावर शेजारच्या जमिनीत जाऊन मरतं, आणि टेक्सासात ९५ टक्क्यांच्या आसपास जमीन खासगी आहे. झाडाच्या बुंध्यावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा दिसला तर ती 'आत यायचं नाही' ही कायदेशीर पाटी आहे. पलीकडे पाय टाकायच्या आधी त्या मालकाला फोन.

गोळीच्या मागं काय आहे हे चाप ओढण्याआधी बघायचं, हे कोर्समध्ये शिकवतील, मी फक्त एवढंच म्हणतो की ब्लाइंड उंचावर असतो तो याच्यासाठीही. नळी खाली झुकलेली, गोळी मातीत जाते. टेकाडाच्या माथ्यावर आकाशाला लागून उभ्या असलेल्या हरणावर कितीही मोह झाला तरी नाही. आणि रात्री डुकरं मारायला चला असा आग्रह होईल, खासगी जमिनीवर ते चालतंही. पहिल्या वर्षी नको म्हणा.

घरची अट. तुमच्या बायकोचं बरोबर आहे आणि कायदाही तिच्या बाजूनं आहे: सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणं टेक्सासात गुन्हा आहे. भिंतीला बोल्टनं आवळलेलं लोखंडी कपाट घ्या, काडतुसं दुसरीकडे, कुलपात. मोडणाऱ्या रायफलीचा इथं एक आयता फायदा: पुढचा लाकडी हात काढला की नळी आणि दस्ता वेगळे होतात, दोन फुटी पेटीत मावतात. पण मुलीपासून ती कायमची दडवून ठेवता येईल या भ्रमात राहू नका. 'दिसली तर हात लावायचा नाही, खोलीतून बाहेर यायचं, मोठ्या माणसाला सांगायचं', एवढं तिला शिकवा. ती ज्या मैत्रिणींकडे खेळायला जाते त्यांच्या घरांतही बंदुका आहेत.

मटणाबद्दल थोडं. शिशाची गोळी फुटते तेव्हा तिचे बारीक कण जखमेपासून बऱ्याच अंतरावर मांसात जातात, दाताला लागतही नाहीत. घरात लहान मूल आहे, म्हणून मी तांब्याच्या गोळीचं नाव वर घेतलं. महाग पडते, पण हंगामात लागतात किती? सरावाला साधी वापरा, शेवटची पेटी तांब्याची घेऊन नेम तिच्यावर पुन्हा बसवा. डुक्कर साफ करताना रबरी हातमोजे घालायचेच, कारण रानडुकरांत ब्रुसेलोसिस असतो आणि तो हातावरच्या ओरखड्यातूनही माणसाला होतो. मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सियसला शिजलं पाहिजे. कुकरच्या शिट्ट्यांत ते सहज होतं, बार्बेक्यूवर गुलाबी ठेवायचा शौक डुकरावर करायचा नाही. हरणाला चरबी जवळजवळ नसते, तेव्हा आपल्या मटणाच्या रश्शात तेल नेहमीपेक्षा थोडं जास्त लागेल आणि मागच्या पायाचे तुकडे कोरडे वाटतील. ते खिम्याला द्या.

चिपळूणला फोन झाला की वडील किंवा काका हमखास म्हणतील, इथं डुकरांनी भात लोळवलाय, एकदा ये की तुझी बंदूक घेऊन. हसून सोडून द्या. तिकडं १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, रानडुकरांचा बंदोबस्त वनखात्याच्या परवानगीनं आणि शेतीसंरक्षणाचा परवाना असलेल्यांनीच करायचा. मात्र भारताच्या त्या प्रवासाबद्दल एक सांगतो, आणि हे कुठल्याही कॅलिबरइतकंच महत्त्वाचं समजा. शिकारीला जी सॅक नेली ती विमानप्रवासाला वापरायची नाही, कधीच नाही. जाकिटाच्या आतल्या खिशात, सॅकच्या बाजूच्या कप्प्यात विसरलेलं एक जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर क्ष-किरणात दिसलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जातो. तुमचा टेक्सासचा परवाना तिथं कामाचा नाही. सॅक वेगळी घ्या, तिच्यावर मार्करनं मोठ्या अक्षरात 'रँच' लिहा आणि ती गॅरेजमध्ये टांगा.